रावबहादुरांची हरळी

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो, तेव्हा पाय आपसूक त्या ग्राउंडाकडे वळले. वळायला नको होते. फाटकाशीच संगमरवरी पाटी लावली आहे. तिच्यावर रावबहादुरांचं नाव, आणि खाली कोरलंय, 'वऱ्हाडातील क्रिकेटचे आश्रयदाते'. मी पाटी नीट वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि तिथेच खांबाशी पानाची पिंक टाकली. चौकीदार धावत आला. म्हणाला, "बाबाजी, इथं थुंकू नका नं." म्हटलं, "बाबू, या गावात थुंकायला याच्यापेक्षा चांगली जागा असंल तं दाखव, तिकडं जातो."

आत हिरवंगार होतं. नळीनं पाणी मारून वाढवलेलं गवत, कडेनं पांढऱ्या खुर्च्या, संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाचं जेवण. आमच्या वेळी इथे औषधालाही गवत नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, अंमल इंग्रजाचा, आणि जमीन कापसाची, काळीभोर. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेणारी, आणि होळीच्या सुमारास अशा भेगा पडणारी की चेंडू आत गेला तर हात घालायची भीती वाटावी. तिच्यावर क्रिकेट खेळायचं म्हणजे मधोमध मुरूम ठोकायचा, त्यावर काथ्याची मॅट अंथरायची आणि लोखंडी मेखा ठोकून ती ताणायची. सकाळी मॅट उलगडली की ओल्या काथ्याचा आणि धुळीचा वास सुटायचा. शेजारच्या जिनमधून, रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यातून, सरकीचा तेलकट वास येऊन त्यात मिसळायचा. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग ग्राउंडाच्या कडेपर्यंत लागायची, बैल रवंथ करत आमचा खेळ पाहायचे, आणि कापसाचे तंतू उडून आमच्या मिशांना चिकटायचे. प्रेक्षकांत सगळ्यांत समजदार ते बैलच होते, हे मी त्या वेळीही म्हणायचो.

मी पहिल्या स्लिपला उभा राहायचो, कारण मला पळायचा कंटाळा होता. माझ्या डाव्या हाताला, स्टंपाला नाक लावून, तुळशीराम बसायचा.

तुळशीराम आमचा विकेटकीपर. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, दसऱ्याच्या आधी झेंडू. पहाटे बाजारात माल टाकून तो ग्राउंडावर यायचा, त्यामुळे त्याच्या हातांना कोथिंबिरीचा वास असायचा, आणि स्लिपमध्ये उभं राहून मला भूक लागायची. बॉलर कितीही जोरात टाको, हा मागे सरायचा नाही. उकिडवा बसलेला, मान पुढे, आणि तोंडानं बारीक आवाजात बॅटवाल्याशी काही तरी बोलत. "ये भाऊ, ये. जरा बाहीर ये." बॅटवाला पुढे आला की बेल्स उडालेल्या असायच्या. मी इतकी वर्षं शेजारी उभा होतो, पण त्याचे हात जाताना मला कधी दिसले नाहीत. उडालेल्या बेल्स तेवढ्या दिसायच्या.

त्याचे ग्लोव्ज म्हणजे एक प्रकरण होतं. साहेबांचे कीपर म्हणे ग्लोव्जमध्ये कच्च्या मांसाचे तुकडे घालायचे, हाताला मार लागू नये म्हणून. आमच्याकडे ते कोण घालणार? तुळशीरामची बायको यशोदा जिनमधून लांब धाग्याची रुई आणायची, करडईच्या तेलाचा हात लावून तिच्या पेळूसारख्या वळ्या करायची, आणि प्रत्येक बोटाला एकेक वळी गुंडाळून वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची. मॅचच्या सकाळी मळ्यावर गेलं की तो ओसरीवर दोन्ही हात पुढे करून बसलेला असायचा, नवरदेवाला हळद लावताना बसतो तसा, आणि ती एकेक बोट बांधत असायची. चुलीवर भाकर, पाटावर ठेचा, आणि मोटेचा कुईकुई आवाज. ती सकाळ मला परत कोणी दिली तर मी बाकी सगळं आयुष्य उधार देऊन टाकीन.

आता क्लबाचं सांगतो. क्लबाचे अध्यक्ष रावबहादूर. कापसाच्या दोन जिन, गाठी बांधायची एक प्रेस, आणि क्रिकेटचं ज्ञान शून्य. सेक्रेटरी एक वकीलसाहेब. त्यांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे. हे दोघं वऱ्हाडातलं क्रिकेट चालवायचे. तुळशीराम त्यांच्यासाठी 'तुळश्या' होता. मॅच जिंकून दिली तरी त्याचा चहा तंबूच्या मागे, आमचा तंबूच्या आत. मी कपबशी उचलून मागे जाऊन बसायचो, तर वकीलसाहेब म्हणायचे, "आपल्यासारख्या पाटीलघराण्यातल्या माणसानं..." त्यांचं वाक्य नेहमी अर्धंच राहायचं. पूर्ण करायलाही हिंमत लागते.

मागे एकदा, आपल्या देशात टेस्ट मॅचेस झाल्या तेव्हा, तुळशीरामला संघात घेतलं होतं. राखीव म्हणून. तो मुंबईला गेला, तंबूत बसला, आणि परत आला. नंतर पुन्हा नाव नाही. काहून घेतलं, काहून सोडलं, ते तेव्हाही कोणाला कळलं नाही. गावाला मात्र लगेच सगळं कळलं. पानठेल्यावर, वकिलांच्या बार रूममध्ये, जिनच्या फाटकावर एकच गंमत. "तुळश्या मुंबईले जाऊन पाणी पाजून आला." बाजारात गिऱ्हाईक वांगं हातात घेऊन म्हणायचं, "हे कॅच करतं का रे?" तो हसायचा. आमच्या गावाची ही खुबी आहे. आपला माणूस वर गेला की पोटात दुखतं, आणि खाली आला की पोट भरतं.

त्यानंतर वर्षं गेली. तुळशीरामच्या मिशीत पांढरं दिसायला लागलं. तो मॅटवर बसत राहिला, मी शेजारी उभा राहत राहिलो. एकदा मॅट गुंडाळताना त्यानं मला सांगितलं, "मले पैसा नाई पायजे, नाव नाई पायजे. टेस्टमधी एकदा स्टंपामागं उभं राहाचं हाय. एक दिवस. मंग मी वांगे विकत मरीन, आनंदानं." एवढंच होतं त्याचं मागणं. त्यानं ते माझ्याशिवाय कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आणि एका फाल्गुनात, पळस फुलले असताना, तार आली. विलायतेच्या दौऱ्यासाठी विकेटकीपर म्हणून तुळशीराम. ज्याचं नाव लोक विसरले होते, त्याचं. मुंबईला ताबडतोब या, बोट अमुक दिवशी. तार क्लबाच्या पत्त्यावर आली, म्हणून वकीलसाहेब स्वतः टांग्यातून मळ्यावर गेले. त्यांचा टांगा मोर्णेच्या त्या अंगाला पहिल्यांदाच आला होता, घोडासुद्धा बुजला. मी तिथेच होतो. तुळशीराम मेथीच्या वाफ्यात उभा, पाय चिखलात. वकीलसाहेब बांधावरून म्हणाले, "तुळशीरामजी, अभिनंदन. आपण आम्हाला मोठं केलंत." तुळशीरामनं मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, मागे कोणी तुळशीरामजी उभे आहेत.

मग सुरू झाला तो तमाशा. अमरावतीच्या लोकांनी पहिला हात मारला. तुळशीरामचं आजोळ अमरावतीचं, म्हणून तुळशीराम अमरावतीचा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी त्याला बोलावून चहापार्टी केली, चांदीचा पेला दिला, वरुडची संत्री टोपलीभर दिली, आणि पाच जणांनी इंग्रजीत भाषणं केली. तुळशीराम परत आला तो संत्री वाटत. "चांगले लोक हायेत," म्हणाला, "पण लय बोलतेत." ही बातमी रावबहादुरांना कळली आणि त्यांचं जेवण गेलं. अमरावती चहापार्टी करते आणि अकोला गप्प बसतो? मग ठरलं की अकोल्यानं मॅच करायची. सत्काराची मॅच. समोर सिव्हिल लाइनीतल्या साहेबांचा संघ, खुद्द डेप्युटी कमिशनर साहेब खेळणार, आणि मॅच संपली की मिरवणुकीनं तुळशीरामला गाडीवर बसवून द्यायचं.

इथपर्यंत ठीक होतं. पण वकीलसाहेबांना पुस्तकातून शोध लागला की विलायतेत मॅटवर खेळत नाहीत, गवतावर खेळतात. झालं. रावबहादूर म्हणाले, "मग आपण त्यायले गवतच देऊ. सराव नको का?" म्हणून मॅट काढली. वर्षानुवर्षं ठोकून बसवलेला मुरूम कुदळीनं उपटला. खड्ड्यात काळी माती भरली, आणि रावबहादुरांच्या बंगल्यासमोरची हरळी चौकोनी काप काढून आणून वर लावली. पखालींनी पाणी मारलं. प्रेसच्या बैलांकडून रूळ फिरवला. गाव पाहायला जमत होतं. वरून हिरवं, गुळगुळीत, साहेबाच्या देशातल्यासारखं. फाल्गुनाच्या उन्हात काळी माती पाणी पिते आणि दोन दिवसांत आतून फाटते, हे तिथल्या प्रत्येक कास्तकाराला ठाऊक होतं. रावबहादुरांचीही शेती होती. त्यांनाही ठाऊक होतं. पण ही त्यांच्या मते क्रिकेटची माती होती, ती फाटणार नव्हती.

यशोदानं रुईच्या वळ्या करता करता मला म्हटलं, "भाऊजी, आमी हरळी खोदू खोदू मेलो. अन् हे लोक ते लावून राहिले. डोकं ठिकाणावर हाय ना यायचं?"

मी तुळशीरामला सरळ सांगितलं. "खेळू नको. ताप आला म्हण. पोट बिघडलं म्हण. बोटीवर पाय ठेवेपर्यंत चेंडूला हात लावू नको." तो खाली पाहत राहिला. म्हणाला, "नाई म्हटलं तं म्हणतीन, माजला. मले तारीच्या आधी तुळश्या म्हणत होते. नंतरबी इथंच राहाचं हाय नं गड्या." मला त्याचा राग आला. आजही येतो. पण तो राग खरा आमच्या गावाचा, आणि गावाला काही हातानं धरता येत नाही, म्हणून मी त्याला धरतो.

मॅचच्या दिवशी तंबूला पताका, खुर्च्यांवर गालिचे, अत्तराची फवारणी. आमच्या बाजूनं बॉलिंग कोणी सुरू करायची? आमच्याकडे दोन चांगले बॉलर होते. पण रावबहादुरांचे जावई नागपूरहून आले होते. कॉलेजात म्हणे फास्ट बॉलिंग टाकायचे. आता जावई सासुरवाडीला आलेला, डेप्युटी कमिशनर साहेब समोर, नवा चेंडू दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा? जावयाचा मान आहे. पंगतीत पहिलं ताट त्याचं, तर ग्राउंडावर पहिला चेंडू त्याचाच. जावईबापूंनी टोपी फिरवली, पळत आले, आणि पहिला चेंडू असा टाकला की तो माझ्या डोक्यावरून गेला. गालिच्यावरून टाळ्या पडल्या.

तुळशीराम दोन पावलं मागे सरकला. आयुष्यात मी त्याला पहिल्यांदा मागे सरकताना पाहिलं. त्यानं ओळखलं होतं, हिरव्याच्या खाली काय आहे ते. पण रावबहादूर खुर्चीवरून उठून आले, सीमेपाशी उभे राहून म्हणाले, "तुळशीरामजी, जवळ उभे राहा. साहेबायले तुमचं जवळचं काम पाहाचं हाय." मॅच थांबवून म्हणाले. सगळं ग्राउंड पाहत होतं. तुळशीराम पुढे आला आणि स्टंपाला नाक लावून बसला. मला म्हणाला, "आता देवाले काळजी." तोंडावर हसू होतं, पण बॅटवाल्याशी तो बोलत नव्हता.

समोर बॅट घेऊन साहेबच होते. पुढच्याच चेंडूवर त्यांनी बॅट फिरवली आणि चार रन घेतल्या. जावईबापूंना ते लागलं. सासऱ्यासमोर, बायको तंबूत चिकाच्या पडद्यामागे. ते लांबून पळत आले. साहेब बॅट उगारून पुढे निघाले, चांगले पुढे निघाले. चेंडू हरळीवर पडला आणि जिथे पडला तिथे भेग होती. तो सरळ वर उसळला, बॅटच्या वरून. मी हात वर नेले तेव्हा कडक् असा आवाज झाला, वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा. आणि त्याच क्षणी बेल्स खाली पडल्या. तुळशीरामच्या दोन्ही हातांत चेंडू होता. साहेबांचा पाय अजून क्रीझच्या बाहेर, हवेत होता. तुळशीराम ओरडला, "हाऊज दॅट?"

स्क्वेअर लेगला अंपायर होते आमचे वकीलसाहेब, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. तंबूत रावबहादुरांकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "नॉट आउट."

तुळशीराम ग्लोव्ज काढत नव्हता. मी जवळ गेलो. उजव्या हाताच्या ग्लोव्जमधून रुई लाल होऊन बाहेर येत होती. ग्लोव्ज काढला तेव्हा त्याचं मधलं बोट मागच्या बाजूला वळलेलं होतं आणि शेजारच्या बोटाचं हाड दिसत होतं. वास अजून नाकात आहे. करडईचं तेल आणि रक्त. जावईबापू येऊन वाकले, म्हणाले, "सॉरी हं, जरा जोरात गेला." आणि परत मार्कवर गेले. राहिलेली ओव्हर त्यांनी पूर्ण केली.

सिव्हिल सर्जननं हाताला लाकडी खपच्या बांधल्या आणि मान हलवली. चार महिने, म्हणाला. बोट धड होईलच असं नाही. मी तंबूत जाऊन रावबहादुरांना सांगितलं की तो दौऱ्यावर जाऊ शकत नाही. ते वकीलसाहेबांकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, निदान खुर्चीवर बसेल. वकीलसाहेब म्हणाले, "पण मिरवणूक तर ठरलेली आहे. बँड आलाय. साहेब स्वतः हार घालणार आहेत."

आणि मिरवणूक निघाली, राजेहो. हे मी आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मोडक्या हाताच्या माणसाला फुलांनी सजवलेल्या बग्गीत बसवलं. वकीलसाहेब कानात म्हणाले, "तुळशीरामजी, हात शालीच्या आत ठेवा. लोकांचा उत्साह जायला नको." पुढे बँड, मागे पोट्टे, दोन्ही बाजूंनी माणसं. निशिगंधाचे हार, गुलाल, साखरवाटप. एक बाई मूल उचलून दाखवत होती, "पाहाय, हे इलायतेले चालले." यशोदा स्टेशनावर होती. तिला शालीच्या आत काय आहे ते कळलं. ती पुढे आली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. साहेबांनी हार घातला आणि हस्तांदोलनाला उजवा हात पुढे केला. तुळशीरामनं डावा दिला. वकीलसाहेब ओशाळून हसले, "गावचा माणूस, रीतभात माहीत नाही." गाडी सुटली. मी दारातून आत उडी मारली, कारण त्याला एकट्याला त्या डब्यात सोडणं मला जमलं नसतं.

भुसावळला आम्ही उतरलो. तिथून मुंबईला तार केली, हात मोडला, येऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीनं अकोल्याला आलो, तर स्टेशनाबाहेर वकीलसाहेब कोणाला तरी सोडायला आलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि तोंड कसनुसं केलं. म्हणाले, "एवढ्यात परत? अरे तुळश्या, साहेब शनिवारपर्यंत गावात आहेत, मग दौऱ्यावर जातील. चार दिवस कुठे तरी राहायचं होतंस." एका रात्रीत 'जी' गेला होता. मी त्या माणसाची कॉलर धरली, आणि तुळशीरामनं डाव्या हातानं माझा हात सोडवला. त्याच माणसाचं नाव त्या पाटीवर बारीक अक्षरांत, खालच्या ओळीत आहे. मानद चिटणीस.

तुळशीरामची बोटं वाकडीच बसली. तो परत कधी स्टंपामागे बसला नाही. त्याला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आणि त्या ग्राउंडावर आता हरळी मस्त वाढते, नळीचं पाणी, नवी लाल माती, तिला कशाला भेगा पडतात.

पण मी हे सगळं सांगतो तेव्हा मला दिसतं ते भुसावळचं फलाट. तार करून आम्ही बाकावर बसलो होतो. रात्र पडली होती, कंदिलांचा उजेड, कोळशाचा धूर, केळीवाल्यांच्या आरोळ्या. त्याच्या गळ्यात अजून हार होते, काढायचं त्याला सुचलं नव्हतं, मलाही नाही. अकोल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं, आता बोलेल तर रावबहादुरांना शिव्या देईल, माझ्याकडे शिव्या तयार होत्या. त्यानं समोरच्या रुळांकडे पाहत विचारलं, "गड्या, तू जवळ होता. खरं सांग. साहेब आउट होता नं?"

"हातभर बाहीर होता," मी म्हटलं.

"मले वाटलंच," तो म्हणाला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला, लहान लेकरासारखा, सगळ्या फलाटादेखत. मी त्याच्या गळ्यातले हार एकेक करून काढत राहिलो.